मागचा पाय झटकणारा घोडा

मिरज जंक्शनवर उतरलेला रोगी टांग्यात बसून मिशन इस्पितळात जायचा, ते दिवस आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली इथे इस्पितळ काढले आणि पुढे कितीतरी वर्षे स्टेशन ते इस्पितळ हा रस्ता टांग्यांचाच होता. आता तिथे रिक्षा आल्या. पण घोडा आपल्या मुलखातून गेलेला नाही. वरातीला तो लागतो, शर्यतीच्या गाडीला लागतो. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या पालखीसाठी दरसाल आळंदीला जातात, तेही आपल्याच बाजूने. तेव्हा कधीतरी कोणी दारात येऊन म्हणतो, "पाव्हणं, जनावर गुणी हाय. मागला पाय जरा झटकतंय, एवढंच. निम्म्या किमतीत घ्या." अशा वेळी हो म्हणावे की नाही, आणि हो म्हटले तर पुढे काय करावे, याविषयी आज बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे, सौदा संध्याकाळी फिरून आलेल्या घोड्यावर करू नका. सकाळी जा, घोडा रात्रभर थानावर उभा असेल तेव्हा. ही खोड उभे राहिल्यावर, थंडीत, पहिल्या दहावीस पावलांत दिसते. अंग तापले की पुष्कळदा लपते. घोडा कडक जमिनीवर सावकाश चालवा. मग जागच्या जागी उजवीकडे वळवा, डावीकडे वळवा, आणि चार पावले मागे सरकवा. मागे सरताना पाय एकदम पोटाकडे उचलला जाऊन जमिनीवर आपटत असेल, तर तो झटक्याचा विकार. काही जण हौसेने याला नाच म्हणतात. हा नाच नव्हे. पाय त्याच्या ताब्यात नाही.

पण पाय वर न येता मागे ताठ राहिला, खुराचे टोक जमिनीवर घासत गेले आणि मग खटकन सुटला, तर दुखणे निराळे. तिथे मांडीच्या खालच्या सांध्याची वाटी वर अडकते. बैलात आणि म्हशीत हे तुम्ही पाहिले असेल. तिथे डॉक्टर लहानसा छेद घेऊन एक बंध कापतात आणि जनावर बहुधा लगेच नीट चालू लागते. घोड्याला मात्र ती घाई करू नये. तरुण, रोडावलेल्या घोड्यात मांडीचे स्नायू भरले की अडकणे पुष्कळदा आपोआप कमी होते. शस्त्रक्रिया शेवटी ठेवावी, कारण तिने पुढे वाटीलाच इजा होण्याचा संभव असतो.

तिसरी तऱ्हा खऱ्या लंगड्याची. घोडा दुडकी चालवा. दुखरा पुढचा पाय टेकला की डोके वर जाते, चांगला टेकला की खाली येते. इथे वेदना आहे. असा घोडा कामाला घेऊच नका, फुकट मिळाला तरी.

झटक्याच्या विकाराचे कारण दर वेळी सापडत नाही. कधी मागच्या पायाच्या मधल्या सांध्यापाशी जुनी जखम असते. ऑस्ट्रेलियात कुरणातल्या एका पिवळ्या फुलाच्या तणामुळे घोड्यांचे कळपच्या कळप असे झटकू लागले होते. कुरण बदलल्यावर त्यांतले बरेच बरे झाले, पण कित्येक महिन्यांनी. आपल्याकडे लाखेची डाळ फार दिवस चारली तर मागचे पाय लुळे पडतात आणि घशात घरघर लागते. म्हणून घोडा आधी काय खात होता हे विकणाऱ्याला जरूर विचारा. जखमेने आलेला झटका सहसा आपणहून जात नाही. कंडरेचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया आहे. गुण येतो, पण हमखास नाही.

एवढे कळूनही घोडा घेतलात, तर हे सांभाळा. त्याला दिवसभर अगाडी-पिछाडी बांधून ठेवू नका. बांधून ठेवलेला घोडा रोज थोडा थोडा बिघडतो. सकाळी अर्धा तास मऊ वाटेने हाताने चालवा, मग कामाचे बघा. वळणे मोठी घ्या. दर सहा आठवड्यांनी नालबंद बोलवा. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. टोक लांबले की अडखळणे वाढते. नालबंदाला आधीच सांगा, कारण मागचा पाय धरलेला असतानाच झटका येतो आणि त्याचे मनगट जाते. पाय फार उंच धरू नये. कडबा, गवत पोटभर, चंदी मात्र कामापुरतीच. जड घोड्याला हा पाय पेलत नाही.

काम हलके, सरळ रस्त्याचे द्यावे. शर्यत नको, पाठीवर लहान मूल तर नकोच. निरोगी घोड्यालासुद्धा गाडीला दिवसाकाठी नऊ तासांहून जास्त, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त जुंपू नये, आणि पारा 37 अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये, असा 1965 चा नियम आहे. अधू जनावर जुंपणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हाच आहे. म्हणून काम द्यावे की नाही, हे तालुक्याच्या पशुदवाखान्यात दाखवूनच ठरवा. गुंतागुंत असेल तर शिरवळला 1988 साली निघालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता डागण्याविषयी. पाय झटकला की कोणीतरी तापली सळई किंवा बिब्बा घेऊन येतो. मी स्पष्ट सांगतो, त्याला अंगणात पाऊल टाकू देऊ नका. सळईने स्नायूचा झटका जात नाही. दोन दिवस घोडा जखमेच्या वेदनेने पाय जपून टाकतो आणि मालकाला वाटते, गुण आला. शिवाय घोड्याइतका धनुर्वाताला लवकर बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही. जबडा मिटला की बहुधा घोडा हातचा गेला. धनुर्वाताची लस मात्र आहे. घोडा घरात आला त्याच आठवड्यात ती टोचून घ्या.

गुरुजनांना एक विनंती. ज्या मुलाच्या घरी घोडा असेल, त्याला एक वही द्या. रोज सकाळी पहिल्या वीस पावलांत पाय किती वेळा झटकला, त्या दिवशी थंडी होती की ऊन, आदल्या दिवशी काम किती झाले, एवढेच लिहायचे. मोजताना त्याने घोड्याच्या बाजूला, चार हात लांब उभे राहावे, मागे नव्हे. महिन्याने ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर निम्मी तपासणी झालेली असते. आकडा वाढत असेल तर गाडी सोडून ठेवा आणि घोडा दाखवायला न्या.