मोडीत घालण्यापूर्वी



आजचा विषय घरगुती आहे. परंतु घरगुती म्हणून तो क्षुल्लक मानू नये. ज्या वस्तूंचे घरात काम उरलेले नाही आणि ज्या नेहमीच्या देण्याघेण्यातही बसत नाहीत, त्यांचे काय करावे, हा तो विषय होय. जुने कपडे बोहारणीकडे जातात, वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे जातात, विरलेल्या लुगड्यांची गोधडी होते. ह्या वाटा आपल्या आज्यापणज्यांनीच घालून दिल्या आहेत. परंतु धान्य मोजण्याची मापे, मोटेचे चाक, आजोबांची कुबडी, बंद पडलेला रेडिओ ह्यांना अशी ठरलेली वाट नाही. त्या माळ्यावर चढतात, आणि घर विकण्याची किंवा पाडण्याची वेळ आली म्हणजे एका दुपारी सरसकट वजनावर मोडीत जातात.

उदाहरणासाठी सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर घेऊ. माळशिरस तालुक्यातील हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्काम करते. ज्यांचे बिऱ्हाड आज पुण्यामुंबईस आहे, परंतु मूळ घर अशा गावी आहे, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतोच. अशा शेतकरी गावातील जुन्या घरात पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे, कोळवे अशी मापे असत. भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि ही मापे व्यवहारातून उठली. आता त्यांची मांडणी पाहा. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. अक्षरशून्य माणसासही केवळ दुप्पट करीत अचूक माप करता यावे, अशी ही योजना होती. सगळी मापे ओळीने मांडली, तर शाळेतील मूल हे गणित डोळ्यांनी शिकेल. तीच मापे तराजूत पडली म्हणजे उरते ते केवळ धातूचे वजन. धातू वितळवून पुन्हा मिळतो. त्याचा आकार आणि त्या आकारातील शहाणपण मात्र पुन्हा मिळत नाही.

ही गोष्ट ज्यांनी वेळीच ओळखली, त्यांत पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थाने १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, पाय घासण्याच्या वज्र्या, स्वयंपाकाची भांडी! ज्या जिनसांकडे कोणी विद्वान वळूनही पाहत नसे, त्या त्यांनी गावोगाव फिरून मिळविल्या. पत्नी कमलाबाई ह्यांचे त्यांना साह्य होते. अल्पवयात वारलेल्या 'राजा' ह्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि १९६२ साली आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांतील पुष्कळशा, केळकरांच्या हाती लागल्या नसत्या तर, भट्टीत गेल्या असत्या.

जी गोष्ट वस्तूंची तीच कागदांची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे एकूण बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याच्याही मुळाशी हीच तळमळ होती. म्हणून मोडी लिपीतील रुमाल घरात सापडला, तर तो वाचता येत नाही एवढ्यावरून रद्दीत घालू नये. वाचणारा दुसरा असतो.

मग घरधन्याने करावे काय? माझ्या मते वस्तू हाती घेऊन तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: ही आज कोणाच्या उपयोगी पडेल काय? कुबडी, चाकाची खुर्ची, शिवणाचे यंत्र, बाळाचा पाळणा ह्यांची गरज गावात कोणास तरी असतेच. मात्र द्यावयाचे ते दुरुस्त करून द्यावे. वाजश्रवसाने भाकड गाई दान दिल्या, तेव्हा त्याच्या मुलालाच, नचिकेत्याला, ते दान सलले, ही कठोपनिषदातील कथा आपणांस ठाऊक आहे. आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे म्हणजे दान नव्हे.

दुसरा प्रश्न: ही काही सांगते काय? सांगत असेल, तर तिच्याबरोबर तिची माहितीही द्यावी. वस्तूचे स्थानिक नाव, ती कशी वापरीत, कोणत्या गावी, कोणत्या पिढीत, हे चार ओळींत लिहून चिठ्ठी बांधावी. हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच ते लिहिले पाहिजे. भांड्यावर कोरलेले नाव व साल चिंच लावून घासून पुसट करू नये. लग्नात आलेल्या भांड्याचा तो जन्मदाखलाच होय. संग्रहालयास वस्तू पाठविण्यापूर्वी पत्राने विचारावे, कारण प्रत्येकास प्रत्येक जिन्नस हवी असतेच असे नाही. कोणासच नको असेल, तर गावच्या शाळेतील एक कपाट पुरे आहे.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले, तर तिसरा प्रश्न: हिचा धातू अथवा द्रव्य सुरक्षितपणे परत मिळेल काय? मोड ही मुळीच निंद्य नव्हे. तांबे-पितळ पुनःपुन्हा वितळवून वापरता येते. जुन्या क्ष-किरण चित्रांच्या फिती कचऱ्यात टाकू नयेत. त्यांत चांदी असते. तापमापकात व नळीच्या दिव्यात पारा असतो, म्हणून ते फोडू नयेत. बंद पडलेली विजेची यंत्रे अधिकृत संकलकाकडेच द्यावीत. तारेवरील आवरण जाळून तांबे काढणाऱ्याचे पोट भरते खरे, परंतु त्याच्या फुफ्फुसात विषारी धूर जातो, आणि त्या धुरात आपलाही वाटा असतो.

श्रोतेहो, ह्यात मोठा खर्च नाही. दिवाळीच्या आवराआवरीत एक पेटी वेगळी ठेवावी, चार चिठ्ठ्या लिहाव्यात, दोन पत्रे धाडावीत, एवढेच. आपण जे टाकतो त्याची किंमत मोडवाला वजनावरून ठरवितो. आपण ती ठरविताना केवळ तराजूवर विसंबू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.