काजव्याचा दिवा, रोपाचं घड्याळ
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



बँकेत आकडेमोड करण्यात माझं आयुष्य गेलं; विज्ञानवाचनाचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. त्यातलीच एक गोष्ट सांगतो.

आपल्या पाण्याची मोटर चालू आहे की नाही, हे टाकीत डोकावून कुणी बघत नाही. पॅनेलवरचा लाल दिवा बघतो. रोपाच्या पेशीतही हजारो जनुकं असतात आणि प्रत्येकाचं बटण असतं. कोणतं केव्हा चालू होतं, हे बघायला पूर्वी पान खुडून वाटावं लागे. मग तेच पान पुन्हा कसं बघणार?

शास्त्रज्ञांनी काजव्याचा दिवा उसना घेतला. काजवा चमकतो तो ल्युसिफेरेज या विकरामुळे. त्याचं जनुक १९८६ साली अमेरिकेत, सॅन दिएगोच्या विद्यापीठात, तंबाखूच्या रोपात घातलं. ल्युसिफेरिन हे द्रव्य दिल्यावर रोप अंधारात उजळलं! पुढची युक्ती सोपी. ज्या जनुकाची चौकशी करायची, त्याच्या बटणाची नक्कल या दिव्याला जोडायची. जनुक चालू झालं की दिवा लागतो. उजेड अगदी मंद, पण खास कॅमेरा तो टिपतो आणि रोप जिवंत राहतं.

स्टीव्ह के, अँड्र्यू मिलर आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात असा दिवा जोडला. अखंड उजेडातही तो साधारण २४ तासांच्या फेऱ्याने तेजाळायचा, मंदावायचा. म्हणजे घड्याळ रोपाच्या आतच! एका रोपाचा फेरा मात्र सुमारे २१ तासांचा निघाला. १९९५ साली जाहीर झालेल्या या कामातून त्या घड्याळाच्या टॉक-१ या भागाचा माग लागला.

आपल्या कवठ्याला याचं काय? दिवस किती मोठा, हे रोपं अशाच घड्याळाच्या आधाराने ओळखतात. म्हणून तर मोठ्या दिवसांच्या थंड देशातलं कांद्याचं बी इथे लावलं, तर पात माजते, कांदा पोसत नाही.

आवारातल्या झाडांवर कायमचे फोकस लावायचं घाटतंय. माझी विनंती एवढीच, की रात्री दहानंतर ते बंद ठेवावेत. झाडांना रात्र लागते. काजव्यांनाही लागते, कारण त्यांचा दिवा म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. आपल्या झगमगाटात ती कुणाला दिसणार?