सोंग आणि माया

मुलगा परदेशीं कितीही रमला, तरी सून आणि नातू यांची आस आई-बापांना सुटत नाहीं. अँग ली यांच्या १९९३ मधील ‘द वेडिंग बँक्वेट’ या चित्रपटाचा सारा विनोद या आशेंतूनच उमलतो.

न्यूयॉर्कवासी तैवानी तरुण वाय-तुंग याचा संसार सायमन या अमेरिकन पुरुषाबरोबर थाटलेला. तैवानांतील आई-बापांच्या समाधानासाठीं तो वेई-वेई या चिनी चित्रकर्तीशीं नांवापुरतें लग्न करतो. तिलाही अमेरिकेंत राहण्याचा परवाना हवाच असतो. कचेरींतल्या रुक्ष लग्नानें आई हिरमुसते. मग थाटाची मेजवानी झडते, आणि त्याच रात्रीं सोंग अंगाशीं येतें: वेई-वेईला दिवस राहतात.

पुढें आईला खरें कळतें. वडिलांना मात्र कळूं द्यावयाचें नाहीं असें ठरतें. त्या वृद्ध सेनाधिकाऱ्याला इंग्रजी समजत नाहीं, असा सर्वांचा समज. पण एके दिवशीं ते सायमनच्या हातीं लाल पाकीट ठेवतात. त्यांनीं सारें केव्हांच जाणलें होतें. बोलले असते तर नातवंड हातचें गेलें असतें!

प्रत्येकजण दुसऱ्याला जपण्यासाठीं गप्प. ही मायाच खरी. पण तिची किंमत अशी, कीं बाप-लेक मोकळें बोलल्यावांचूनच विमानतळावर निरोप घेतात.