टर्बो-डिझेल इंजिन : बळ आणि दुखणी



आज ज्या इंजिनाविषयी आम्ही बोलणार आहोत, ते आपणांपैकी पुष्कळांच्या दारात उभे असेल. फियाटचे १.३ मल्टिजेट हे इंजिन २००३ साली इटलीत पुढे आले. पुढे ते पुणे जिल्ह्यातील रांजणगावला आणि हरियाणातील मानेसरलाही तयार होऊ लागले. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा निरनिराळ्या गाड्यांत ते बसले. लोक त्याला कौतुकाने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. मारुतीने २०२० साली डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जुन्या गाड्यांतून ते अजून धावत आहे.

त्याचे अंग लहान : चार सिलिंडर, १२४८ सीसी. तरी त्याचा साधा प्रकार ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देतो. हे बळ येते कोठून? बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने टर्बोचे एक चाक फिरते; त्याच दांड्यावरचे दुसरे चाक सिलिंडरांत हवा दाबून भरते. हवा अधिक, म्हणून डिझेलही अधिक जाळता येते.

हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तरंगतो केवळ तेलाच्या पातळ थरावर. इंजिनात तेल मात्र सुमारे तीन लिटर! ते जुने झाले, कमी झाले, की टर्बोची बेअरिंगे झिजतात आणि टायमिंगची साखळी सैल पडते.

साखळी बदलावी लागत नाही, असे ऐकून आम्हीही निर्धास्त होतो. तेल बदलणे दोनदा पुढे ढकलले. सकाळी गाडी सुरू करताना खळखळ ऐकू येई. तिकडेही काणाडोळा केला. अखेर साखळीने दाते सोडले, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले, आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम दुरुस्तीत गेली. दोष इंजिनाचा नव्हता, आमचा होता.

दुसरे दुखणे काजळीचे. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह चोंदतो, ओढ कमी होते, काळा धूर येतो. बहुधा तो साफ केला की भागते. तिसरे, डिझेलमधील पाणी इंजेक्टर बिघडवते. म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा.

तेव्हा आठवड्यातून एकदा डिपस्टिक पाहा, तेल मुदतीपूर्वी बदला, घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा. आणि खळखळ ऐकू आली, तर त्याच दिवशी मेस्त्रीकडे जा. आम्ही गेलो नाही, म्हणूनच हे आज सांगत आहोत.