गोळी सोडावी की चालू ठेवावी?



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी मात्र विषय बदलून मागितला. एका लहानशा गोळीवर मला बोलायचे आहे, असे मी सांगितले. चालकांना प्रथम ती थट्टा वाटली; पण कारण सांगितल्यावर त्यांनी होकार दिला. तेच कारण आज आपल्यापुढे ठेवतो.

मी डॉक्टर नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण हिंगणघाटच्या गिरणीच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मी जे सांगेन ते वैद्याचा सल्ला म्हणून घेऊ नका. एका चुकलेल्या माणसाची जबानी म्हणून घ्या.

आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी म्हणतात. सगळीकडे तिचे नाव थायरॉईड असेच चालते. ती थायरॉक्सिन नावाचा एक रस तयार करते आणि त्या रसाच्या जोरावर सबंध शरीराच्या कामाची गती ठरते. हृदय किती वेगाने चालावे, आतडे किती हलावे, अंगात ऊब किती राहावी, विचार किती झटपट सुचावा, हे सारे तिच्याकडे. ही ग्रंथी मंदावली की माणूसच मंदावतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मुंबई, गोवा, कलकत्ता, हैदराबाद अशी आठ ठिकाणे होती; तीत प्रौढांपैकी सुमारे अकरा टक्के लोकांत ही ग्रंथी मंद असल्याचे आढळले. म्हणजे या मंडपात शंभर माणसे असतील, तर दहा-अकरा जणांच्या घरचाच हा विषय आहे.

ग्रंथी मंद आहे हे रक्त तपासून कळते. या तपासणीला टी.एस.एच. म्हणतात. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची दुसरी ग्रंथी आहे. ती थायरॉईडची मुकादम समजा. खात्यात माल कमी निघू लागला की मुकादमाचा आवाज चढतो, हे गिरणीत राबलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. टी.एस.एच. म्हणजे हा मुकादमाचा आवाज. तो आकडा वाढला, तर बहुधा माल कमी निघतो आहे असे समजावे. गोळी घेऊन माल पुरेसा झाला की मुकादम शांत होतो.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या अंगावर सूज आली, थकवा आला. दवाखान्यात तपासणी झाली आणि रोज सकाळी थायरॉक्सिनची एक गोळी घेण्यास सांगण्यात आले. "किती दिवस?" असे मी विचारले. "बहुधा जन्मभर," असे उत्तर मिळाले. गोळीने मला तीन महिन्यांत माणसात आणले. पण 'जन्मभर' हा शब्द माझ्या मनात काट्यासारखा सलत राहिला. ज्याने आयुष्यभर लोकांना कोणाचे मिंधे होऊ नका असे सांगितले, त्याने एका गोळीचे मिंधे व्हावे? त्यातून आपला जिल्हा वर्ध्याचा. साधे राहणे, निसर्गोपचार, स्वावलंबन हे शब्द इथल्या हवेत आहेत. भेटणारे लोकही म्हणत, "भाऊ, आता तं चांगले दिसता जी, मंग कायले खाता गोळ्या?" एका दिवाळीनंतर मी गोळी बंद केली. कोणालाही विचारले नाही.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, काही झाले नाही. मी खूष झालो आणि चार ठिकाणी बोललोही, की इच्छाशक्ती असली म्हणजे औषध लागत नाही. पण इथेच या रोगाची खुबी आहे. थायरॉक्सिन शरीरात पुष्कळ दिवस टिकते. रक्तातले निम्मे संपायला जवळजवळ सात दिवस लागतात, उरलेल्यातले निम्मे संपायला आणखी सात. संपात पहिल्या पंधरवड्याला कामगाराच्या घरात चूल पेटते, कारण कणगीत दाणे असतात. म्हणून संप जिंकला असे कोणी म्हणत नाही. खरी परीक्षा पुढे असते.

ती परीक्षा होळीच्या सुमारास सुरू झाली. माझा आवाज जाड झाला. दारसभेत लोक म्हणू लागले की भाऊंना सर्दी झाली. पोट साफ होईना. वैशाखात सारा वर्धा जिल्हा भाजून निघत असताना मी कूलरच्या वाऱ्यातून खाट बाजूला ओढू लागलो. हे सारे मी वयावर ढकलले. शेवटी एका वाटाघाटीत मालकपक्षाने मसुद्यात थकबाकीच्या मुदतीचे एक वाक्य फिरवले, आणि जो मी एकेक स्वल्पविराम तपासतो, त्या माझ्या डोळ्यांखालून ते वाक्य निसटले. एका हंगामाची थकबाकी लोकांच्या हातून गेली. मसुदा त्यांनी लिहिला हे खरे. पण वाचायची जबाबदारी माझी होती.

इतके झाले तरी माझे डोळे उघडले नाहीत. ते उघडले एका बाईमुळे. ती जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर काम करी. तिच्या गळ्यातली ग्रंथी पूर्वी शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकलेली होती आणि तीही हीच गोळी घेत असे. मी गोळी सोडल्याचे तिने ऐकले. तिने सरळ हिशेब केला: भाऊंनी सोडली, तर आपणही सोडू, तपासणीला जायचा दिवस म्हणजे बुडालेला रोज, तोही वाचेल. अडीच-तीन महिन्यांनी तिला दवाखान्यात न्यावे लागले. चेहरा सुजलेला, नाडी मंद, बोलणे अडखळत. मी भेटायला गेलो. तिने मला दोष दिला नाही. ती इतकेच म्हणाली, "भाऊ, तुमाले नाही झालं काही, मंग मलेच काऊन झालं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून मी वाचू लागलो, विचारू लागलो. ती आता बरी आहे आणि कामावर जाते. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला जाहीरपणे द्यायचे होते, कारण माझी फुशारकीही जाहीर होती.

उत्तर असे आहे. माझी ग्रंथी दुबळी होती, पण जागेवर होती. थोडाफार माल ती काढत होती. तिच्या गळ्यात ग्रंथीच नव्हती. तिला गोळी म्हणजे औषध नव्हे, ते तिचे अन्न होते. दोघांची बाटली एक, पण दोघांचा प्रश्न एक नव्हता. म्हणून 'गोळी सोडावी की नाही' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ज्याचे त्याचे कागद काढूनच ते द्यावे लागते.

कित्येकांची गोळी जन्मभराची असते. ज्यांची ग्रंथी काढली, ज्यांची किरणोत्सारी आयोडिनाने निकामी केली, आणि ज्यांची शरीराच्याच रक्षकांनी पोखरून टाकली, ते बहुतेक सारे यात आले. हा शेवटचा प्रकार हाशिमोटो या जपानी शल्यवैद्याने १९१२ साली वर्णन केला. माझा रोग तोच निघाला. घरचा पहारेकरीच घर फोडू लागला, तर इच्छाशक्तीने काय होणार? कोणी म्हणतात, आयोडिनचे मीठ खा म्हणजे झाले. मिठाचे उपकार मोठे आहेत. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या प्रयोगाने दाखवून दिले की, आयोडिनयुक्त मिठाने गलगंड हटतो. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. पण आयोडिन हा कच्चा माल आहे. यंत्रच मोडले असेल, तर कापसाच्या गाठी आणून दारात टाकल्याने सूत निघत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर ते एकतर्फी भाषण होईल. काहींची गोळी खरोखर सुटू शकते. बाळंतपणानंतर काही स्त्रियांची ग्रंथी काही महिने मंदावते आणि पुष्कळ जणींची पुन्हा सावरते. काहींचा टी.एस.एच. किंचित चढा असतो, पण रक्तातले थायरॉक्सिन पुरेसे असते; अशांना कधी एका तपासणीवरच गोळी सुरू होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात युरोपातील चार देशांतल्या पासष्ट वर्षांच्या आणि त्यापुढच्या ७३७ लोकांना, त्यांचा दोष असाच किंचित असताना, निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी दिली. थकव्यात वा इतर लक्षणांत काही फरक पडला नाही. उलट गोळी गरजेपेक्षा जास्त झाली, तर म्हाताऱ्या माणसाचे हृदय अनियमित धडधडू लागते, हाडे ठिसूळ होतात. तेव्हा 'मला ही खरोखर हवी का?' असे डॉक्टरला विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो रोग्याचा हक्क आहे.

मग माझे चुकले कुठे? प्रश्न विचारण्यात नाही. विचारल्याशिवाय उत्तर ठरवण्यात चुकले. आमच्या भाषेत सांगायचे तर नोटीस न देता मी संप केला. कोणताही करार मोडण्यापूर्वी आम्ही जुना करार काढून वाचतो. तसेच इथे करावे. गोळी सुरू झाली तेव्हाचा कागद शोधावा; आकडा किती होता, थायरॉक्सिन किती होते, पुन्हा तपासणी झाली होती की नाही, हे पाहावे. ग्रंथी शाबूत आहे का, हे विचारावे. गरोदर स्त्रीने तर गोळी सोडण्याचा विचारही करू नये. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते, कारण पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर अवलंबून असतो. आणि डॉक्टरच्या संमतीने गोळी कमी केली वा थांबवली, तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. पंधरा दिवसांत 'बरे वाटते' हा पुरावा नव्हे.

पुष्कळदा गोळी लागू पडत नाही म्हणून लोक सोडतात. त्यांनी आधी आपली घेण्याची रीत पाहावी. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने, नाही तर ती हिला शोषू देत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली, खिडकीत ठेवलेली बाटली बिघडते. ती घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

आता मिंधेपणाविषयी दोन शब्द. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या मरे नावाच्या डॉक्टरने या रोगाच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. तिचे वय शेहेचाळीस होते. पुढे ती अर्क पोटात घेऊ लागली आणि तब्बल अठ्ठावीस वर्षे जगून १९१९ साली वारली. तेवढ्या काळात आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. १९१४ साली अमेरिकेत केंडॉलने थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे काढले. १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज मेंढी लागत नाही. माझ्या रोजच्या गोळीत शंभर मायक्रोग्रॅम असतात. तीस वर्षांचे वजन केले, तरी ते सोनाराच्या काट्यावर माशाहून थोडेसेच अधिक भरेल. इतक्या थोड्या वस्तूवर शरीर उभे राहते, आणि ती वस्तू परकी नाही; माझ्याच शरीराने जी बनवायची ती मी बाहेरून आणतो, एवढेच. चष्मा लावणारा काचेचा मिंधा नसतो.

निसर्गोपचाराचे केवढे पुरस्कर्ते गांधीजी! पण १९२४ साली अपेंडिक्सचा विकार झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलीच. आणि ज्या सेवाग्रामात त्यांचा आश्रम, तिथेच १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. साधेपणाचा अर्थ गरजेचे नाकारणे असा नाही.

मी आता रोज पहाटे गोळी घेतो. पुढेही घेईन, कारण माझे कागद तसे सांगतात. उद्या कागद वेगळे सांगू लागले, तर तेही ऐकेन. त्या भगिनीला तपासणीला जायचा दिवस आला की संघटनेतर्फे तिचा बुडालेला रोज आम्ही भरून देतो. आणि अशा प्रत्येक कामगाराला तपासणीची भरपगारी रजा मिळावी, ही मागणी आमच्या मागणीपत्रात आता लिहिलेली आहे. गोळी स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. गरिबाला गोळी महाग पडत नाही. तो दिवस महाग पडतो.