तंबाखू सुटताना शरीर काय सांगते?

(जागतिक तंबाखूविरोधी दिनानिमित्त ३१ मे रोजी पाली येथे रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वैद्य नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रोगाचे निदान करण्याचा अधिकार मला नाही. परंतु प्रशासक या नात्याने नोंदणीच्या खिडकीपाशी उभे राहिले की लोक कोणते प्रश्न विचारतात ते कानावर पडते. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. शिकायला वा नोकरीला पुण्या-मुंबईकडे गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, तेव्हा त्याच्या खिशात पेनासारखे एक यंत्र असते. तो वडिलांना सांगतो, "तंबाखू सोडा आणि हे ओढा, यात काही अपाय नाही." वडील आम्हांला विचारतात, "साहेब, हे खरे आहे का? आणि हे घेतल्यापासून घसा खवखवतो, डोके दुखते, पोट साफ होत नाही, ते कशामुळे?" आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी चर्चा करून या प्रश्नाचे उत्तर आज आपणांपुढे मांडत आहे.

प्रथम आपल्या भागातील वस्तुस्थिती पाहू. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात असे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा तंबाखू मुख्यतः ओढला जात नाही; तो चुन्याबरोबर मळून गालात धरला जातो, मिश्री म्हणून दातांना लावला जातो, मावा आणि गुटखा म्हणून चघळला जातो. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी त्याची पुडी दिसेनाशी झालेली नाही, हे आपण सारे जाणतो.

बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे उन्हाळ्यात गावी परततात. पहाटेच्या काळोखात फडात उतरायचे आणि रात्री-अपरात्री गाडी भरायची, अशा कामात भूक आणि झोप मारण्यासाठी तंबाखूचा आधार घेतला जातो. स्त्रियाही मिश्री लावतात, गरोदरपणातही लावतात. या लोकांना "सोडा" असे सांगणे सोपे आहे. परंतु सोडल्यावर शरीर काय करते हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि तिथेच सारा घोटाळा होतो.

ई-सिगारेट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. हॉन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास तिचे आजचे स्वरूप घडवले. तिच्यात तंबाखूचे पान जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन या द्रवांत निकोटीन आणि सुगंध मिसळलेले असतात. विजेरीवर तापणारी तार त्या द्रवाचे तुषार करते आणि ते श्वासावाटे फुप्फुसात घेतले जातात. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तात्पर्य, जे यंत्र आज कोणाच्या खिशात आहे ते चोरट्या मार्गाने आलेले आहे, आणि त्याच्या बाटलीत नेमके काय भरले आहे याची हमी देणारा कोणीही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तंबाखू सोडून हे यंत्र घेणाऱ्याला जो त्रास होतो, त्याची दोन वेगळी खाती मांडावी लागतात. एक खाते तंबाखू सुटल्याचे आणि दुसरे यंत्र आल्याचे. दोन्ही रकमा एकाच खात्यावर लिहिल्या की हिशेब चुकतो आणि माणूस पुन्हा पुडीकडे वळतो.

पहिले खाते पाहू. शेवटचा बार थुंकल्यानंतर काही तासांतच तलफ सुरू होते. डोके जड होते, चिडचिड वाढते, झोप मोडते, कामात चित्त लागत नाही, भूक वाढते. अनेकांना बद्धकोष्ठ होते, कारण निकोटीनमुळे आतड्यांना जी चालना मिळत असे ती थांबते. "तंबाखूशिवाय कोठा साफ होत नाही" ही आपल्याकडची तक्रार त्यामुळे खोटी नाही. मात्र आतडी काही दिवसांनी आपल्या गतीवर येतात. धूम्रपान सोडणाऱ्यांपैकी काहींच्या तोंडात पहिल्या एक-दोन आठवड्यांत लहान फोड येतात, काहींचा खोकला काही दिवस वाढतो. हा सर्व त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. वाढलेली भूक मात्र अधिक काळ टिकते.

विडी ओढणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विडीच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफीनचा निचरा अधिक वेगाने करते. धूर थांबला की हा वेग मंदावतो. मग चहाचे कप तेवढेच राहिले, तरी तो अधिक "चढतो". छातीत धडधड होते, झोप येत नाही. हा परिणाम निकोटीनचा नसून धुराचा असल्यामुळे विडी सोडून ई-सिगारेट घेणाऱ्यालाही तो जाणवू शकतो. उपाय सोपा आहे, चहा निम्मा करावा. परंतु दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्या किंवा मानसिक आजाराची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या रुग्णांत याच कारणाने औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. म्हणून विडी सोडल्याचे आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

दुसरे खाते यंत्राचे. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी शोषून घेते, म्हणून तोंड व घसा कोरडा पडतो, खवखवतो, कोरडा खोकला येतो. डोकेदुखी आणि मळमळ याही नेहमीच्या तक्रारी आहेत. यंत्रही चालू आणि गालात बारही चालू, असे करणाऱ्याच्या शरीरात निकोटीन दोन वाटांनी जाते. त्याला घाम फुटणे, चक्कर, उलटी, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो.

येथे आपल्या भागातील लोकांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. तंबाखूत चुना मिसळला की निकोटीन गालाच्या त्वचेतून लवकर शोषले जाते, तरीही त्याला काही मिनिटे लागतात. श्वासावाटे घेतलेले निकोटीन अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, आणि जे व्यसन जितके त्वरित पावते तितके ते घट्ट बसते. नव्या यंत्रांत तर निकोटीनचे क्षार वापरतात. त्यामुळे तीव्र निकोटीनही घशाला सौम्य लागते. ज्याने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, केवळ तंबाखू मळला, त्याची फुप्फुसे या व्यवहारात आजवर नव्हती. यंत्र घेऊन तो त्यांनाही कर्जदार करतो.

परदेशात याविषयी वेगळे मत आहे, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षाअखेरीस धूम्रपानापासून मुक्त होते. निकोटीनचे चघळण्याचे गम, पट्टी इत्यादी औषधे दिलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. सिगारेटचा धूर आणि त्यातील कार्बन मोनॉक्साईड सुटणे हा त्या लोकांचा खरा लाभ आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु ई-सिगारेटच्या साहाय्याने धूम्रपान सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ते यंत्र वापरत होते. औषधांच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. शिवाय तो प्रयोग सिगारेट ओढणाऱ्यांवरचा, प्रशिक्षित समुपदेशकांच्या देखरेखीखालचा आणि यंत्राच्या द्रवावर शासनाचे नियंत्रण असलेल्या देशातला. आपला माणूस तंबाखू खाणारा. त्याच्या बाबतीत सुटायला धूरच नाही.

बाटलीत काय आहे हे ठाऊक नसले तर काय घडते, हे अमेरिकेने २०१९ साली पाहिले. अशी यंत्रे ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अकस्मात गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील ६८ दगावले. गांजातील मादक द्रव्य असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गाने मिळवलेल्या द्रवात मिसळलेले 'ई' जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप त्यास प्रामुख्याने कारणीभूत ठरले. साधे निकोटीन ओढणाऱ्या प्रत्येकावर अशी वेळ येते असे मी म्हणत नाही. परंतु अनधिकृत बाटली म्हणजे बंद पाकिटातील व्यवहार, हे त्यावरून दिसते.

या दोन्ही खात्यांत न येणारी एक गोष्ट आहे, आणि तीच सर्वांत गंभीर आहे. तंबाखू व सुपारीने तोंडाला जी इजा होऊन गेलेली असते, ती यंत्र घेतल्याने भरून येत नाही. सुपारीमुळे आखडलेले तोंड आपोआप पूर्ववत होत नाही. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा एखादा फोड तीन आठवड्यांत भरला नसेल, तर "सोडल्यामुळे तोंड आले" असे समजून घरी बसू नये. त्याच आठवड्यात तपासणीस यावे. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल ते स्वतः जाहीरपणे बोलले आहेत. इतक्या मोठ्या व्यक्तीला जे सांगण्यात संकोच वाटला नाही, ते डॉक्टरांपुढे सांगण्यास आपण का लाजावे?

मग उपाय काय? निकोटीनचे गम व पट्टी ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत. गमची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. ते सतत चघळायचे नसते. थोडे चावून गालाशी धरायचे, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडे चावायचे. बार धरणाऱ्याला ही रीत शिकवावी लागत नाही. लाळ गिळत राहिल्यास उचकी व जळजळ होते, आणि चहा घेतल्यानंतर पंधरा मिनिटे ते घेऊ नये. गरोदर भगिनींनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून निकोटीनचे कोणतेही औषध घेऊ नये. मिश्री आणि हे यंत्र दोन्ही त्यांनी वर्ज्यच मानावे, कारण निकोटीन गर्भालाही अपायकारक आहे. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन करते.

नातेवाइकांना माझी विशेष विनंती आहे. तिसऱ्या दिवशी घरातला माणूस चिडला, जेवणाचे ताट सरकवू लागला, रात्रभर कूस बदलू लागला, तर "तंबाखू सोडला म्हणून आजारी पडला, घेऊ द्या थोडा" असे म्हणू नका. तो आजारी पडलेला नाही. शरीर जुने देणे फेडत आहे. तलफेची एकेक लाट काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी द्या, बडीशेप द्या, त्याला चालायला घेऊन जा. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे किंवा रक्त पडणे ही सोडण्याची लक्षणे नव्हेत. अशा वेळी रुग्णालय गाठावे.

शेवटी देणगीदारांशी हिशेबाची भाषा बोलतो. रोज २० रुपयांचा तंबाखू धरला तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात, आणि नवरा-बायको दोघांचे १४,६००. कर्करोगाच्या उपचाराला उचल घ्यावी लागली तर ती पुढच्या हंगामाच्या मजुरीतून फिटते, कधी फिटतही नाही. धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्ण निधी हा रोग झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. रोग होण्यापूर्वीच्या चार आठवड्यांसाठी कोणताही निधी नाही. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमचा नम्र प्रस्ताव आहे. तंबाखू सोडण्याचा निश्चय करणाऱ्या प्रत्येक गरीब व्यक्तीस चार आठवडे औषध विनामूल्य मिळावे, आणि तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी आमच्या समुपदेशकाने तिच्याशी संपर्क साधावा. कुटुंबे गावात आहेत तोवर, म्हणजे दसऱ्यापूर्वी, हे काम सुरू व्हावे.

या खर्चातून इमारत उभी राहणार नाही, की दात्यांच्या नावाची शिला लागणार नाही. पण तिसऱ्या दिवशी पुडीकडे गेलेला हात मागे फिरला, तर त्या घरातील एक माणूस वाचण्याची शक्यता वाढेल. आपल्या दानाचा तो विनियोग आपणांस मान्य होईल अशी आशा व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवतो.