पाचटापासून वायूपर्यंत : स्वागताध्यक्षांचे भाषण



फलटणमध्ये आपले मनःपूर्वक स्वागत. माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते, त्यामुळे पाहुण्यांची उठबस करण्याची आम्हाला सवय आहे. आणि वायूकरणाची परिषद इथे भरणे योग्यच. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली इथे ‘नारी’ ही शेती संशोधन संस्था काढली. पुढे तिथेच अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर उभा केला.

लाकडाच्या ढलप्यांवर गॅसिफायर चालवणे त्या मानाने सोपे. पाचट म्हणजे नुसता फुगारा! ट्रॉली भरते, वजन भरत नाही. भट्टीत मधेच अडकून पोकळी धरते. तरीही या मंडळींनी त्यावर कारखान्याची भट्टी तापवून दाखवली. वर मूळ पाचटाच्या जवळजवळ पाव हिस्सा कोळसा हाती राहिला, तो वेगळाच.

तत्त्व आपण सारे जाणता. पूर्ण जळायला लागते त्याच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा हवा दिली, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा जळाऊ वायू मिळतो. खरा छळ वायूबरोबर येणाऱ्या डांबराचा. गरम वायू थेट भट्टीला दिला तर निभावते. इंजिनासाठी थंड केला की ते नळ्यांत, व्हॉल्व्हमध्ये चिकटून बसते. म्हणून वक्त्यांना माझी आग्रहाची विनंती, की चालू संयंत्रांची छायाचित्रे थोडी कमी दाखवा आणि बंद पडलेली का बंद पडली ते सांगा.

नगरपालिकेच्या पाहुण्यांनीही ऐकावे. भाजीचा ओला कचरा गॅसिफायरमध्ये घातला तर अर्धी उष्णता पाणी आटवण्यातच जाते. तो बायोगॅसला द्या, सुका तेवढा इकडे आणा.

केंद्र सरकारने 2030पर्यंत 10 कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यावर उद्या चर्चा आहेच. कोळशाच्या वायूतून गंधक वेगळे काढता येते, हे खरे. पण कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवला नाही, तर त्या वायूला स्वच्छ म्हणायला माझी जीभ अडखळते.

आमच्या शेतकऱ्यांचेही एक म्हणणे आहे. सरीत कुजवलेले पाचट जमिनीचे खत होते, ते सगळे उचलून नेऊ नका. बांधावर उभे राहून जे पेटवून दिले जाते, तेवढे आधी न्या. त्याचा भाव किती आणि वाहतूक कोणाकडे, हे या दोन दिवसांत ठरले तर बरे.

आता संमेलनाध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.